क्रीडांगण कोणासाठी?

नव्या क्रीडांगणाचे उद्घाटन हा कोणत्याही शहराच्या जीवनातील आनंदाचा प्रसंग असतो. कोवळी हिरवळ, रंगीत आसनांच्या रांगा, पाहुण्यांची भाषणे आणि पहिल्या गोलाची उत्सुकता यांनी तो दिवस भारून जातो. परंतु वास्तुशांत झाली म्हणजे संसार सुखाचा झाला असे होत नाही. त्याचप्रमाणे फीत कापली गेली म्हणजे क्रीडांगण लोकांचे झाले, असेही म्हणता येत नाही. सार्वजनिक पैशातून उभी राहिलेली वास्तू खरोखर लोकांची आहे किंवा नाही, हे उद्घाटनानंतरच्या अनेक वर्षांत ठरत असते. ब्राझीलमधील रिओ दि जानेरो शहराच्या माराकाना या जगप्रसिद्ध फुटबॉल क्रीडांगणाचा इतिहास या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतरची पहिली विश्वचषक फुटबॉल स्पर्धा १९५० साली ब्राझीलमध्ये भरणार होती. रिओ ही त्या काळी देशाची राजधानी होती. राजधानीला साजेसे भव्य क्रीडांगण हवे, असा विचार पुढे येताच शहरात मोठा वाद सुरू झाला. कार्लोस लासेर्दा या राजकारण्याने प्रचंड खर्चाला आणि निवडलेल्या जागेला विरोध केला. मारिओ फिल्यो या क्रीडा पत्रकाराने मात्र आपल्या वृत्तपत्रातून क्रीडांगणाची बाजू हिरिरीने मांडली. अखेर जुन्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानाची मध्यवर्ती जागा निश्चित झाली आणि ऑगस्ट १९४८ मध्ये काम सुरू झाले. पुढे फिल्यो यांच्या निधनानंतर या क्रीडांगणाला अधिकृतपणे त्यांचेच नाव देण्यात आले. लोकांच्या तोंडी मात्र माराकाना हेच नाव राहिले.

१६ जून १९५० रोजी रिओ आणि साओ पाउलो या दोन शहरांच्या निवडक संघांमधील सामन्याने क्रीडांगणाचे उद्घाटन झाले. पहिला गोल रिओच्या दिदी या तरुण खेळाडूने केला. सामना मात्र साओ पाउलोने ३-१ असा जिंकला. बांधकाम तेव्हाही अपुरेच होते. काही ठिकाणच्या परांच्या अद्याप उतरल्या नव्हत्या, आणि राहिलेली कामे पुरी व्हायला १९६५ साल उजाडले. बरोबर एक महिन्याने, १६ जुलै १९५० रोजी, याच मैदानावर ब्राझील आणि उरुग्वे यांच्यात निर्णायक सामना झाला. अधिकृत नोंदीनुसार १,७३,८५० लोकांनी तिकीट काढून तो पाहिला. उरुग्वेने २-१ असा विजय मिळवला आणि एवढा मोठा जनसमुदाय सुन्न झाला. त्या पराभवाचे दुःख संपूर्ण देशाने आपले मानले. घडले ते दुःखद असले, तरी ते दुःख वाटून घेण्यासाठी राष्ट्राला एक जागा मिळाली होती.

माराकानाचे वैशिष्ट्य केवळ त्याच्या आकारात नव्हते. मैदानाच्या भोवती, अगदी खालच्या पातळीवर, उभे राहून सामना पाहण्याची एक मोकळी जागा होती. तिला ‘जेराल’ म्हणत. तेथून खेळ नीट दिसत नसे. डोक्यावर ना छप्पर, ना बसायला आसन. तरीही तेथील तिकीट इतके स्वस्त असे, की हमालापासून फेरीवाल्यापर्यंत कोणीही सामन्याला येऊ शके. लोक तेथे चित्रविचित्र वेष करून येत, नाचत, गात. वरच्या सज्जात बसलेल्या श्रीमंताला आणि खाली उभ्या असलेल्या मजुराला एकाच गोलाचा आनंद एकाच क्षणी होई. विषमतेने ग्रासलेल्या शहरात अशी जागा असणे ही लहान गोष्ट नव्हती.

या व्यवस्थेत दोषही होते, आणि ते झाकून ठेवणे योग्य होणार नाही. १९९२ साली राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यापूर्वी वरच्या सज्जाचा कठडा तुटला. अनेक प्रेक्षक खाली कोसळले. तिघांचा मृत्यू झाला आणि पुष्कळ जण जखमी झाले. गर्दीला आवर घालणे आणि प्रेक्षकांची सुरक्षितता पाहणे आवश्यकच होते. भारतालाही हा धडा फार महागात मिळाला आहे. १६ ऑगस्ट १९८० रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डन्स मैदानावर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्या सामन्याच्या वेळी झालेल्या चेंगराचेंगरीत सोळा प्रेक्षक प्राणांस मुकले. खेळ पाहायला गेलेला माणूस सुखरूप घरी परतला पाहिजे, याविषयी दुमत असू शकत नाही.

प्रश्न उद्भवतो तो यापुढे. माराकानातील ‘जेराल’ २००५ साली बंद झाली आणि तिच्या जागी आसने आली. त्यानंतर २०१४ च्या विश्वचषकासाठी क्रीडांगण आतून जवळजवळ नव्याने बांधण्यात आले. त्यावर एक अब्जाहून अधिक रिआल खर्च झाले. आसनसंख्या सुमारे ७८ हजारांवर आली आणि तिकिटे महागली. क्रीडांगण सुरक्षित आणि देखणे झाले. पण ज्यांच्या गजरामुळे ते माराकाना ठरले होते, त्यांपैकी अनेकांना आता त्याचे प्रवेशद्वार परवडेनासे झाले.

जून २०१३ मध्ये बसभाड्याच्या वाढीचे निमित्त होऊन ब्राझीलमध्ये लाखो लोक रस्त्यावर उतरले. क्रीडांगणे जागतिक दर्जाची होतात, मग रुग्णालये आणि शाळा त्या दर्जाच्या का होत नाहीत, असा त्यांचा सवाल होता. माराकानाच्या आवारातच एक नगरपालिकेची शाळा आहे. क्रीडांगणाच्या परिसराचा विकास करण्यासाठी ती पाडण्याचा बेत होता. पालक आणि विद्यार्थी यांनी नेटाने विरोध केला आणि २०१३ साली सरकारला तो बेत सोडून द्यावा लागला. फुटबॉलवर जिवापाड प्रेम करणाऱ्या देशातील माणसांनी फुटबॉलपेक्षा आपल्या मुलांची शाळा मोठी मानली, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

विश्वचषक झाला, २०१६ चे ऑलिंपिकही पार पडले. आणि २०१७ च्या प्रारंभी जगाने निराळेच चित्र पाहिले. हिरवळ वाळून गेली होती, आसने उखडली होती, थकलेल्या देयकांमुळे वीज तोडण्यात आली होती. देखभाल कोणी करायची यावरून संबंधितांमध्ये वाद चालू होता. पुढे क्रीडांगण पूर्ववत सुरू झाले, हे खरे. तरीही उद्घाटनाच्या झगमगाटात देखभालीचा विचार मागे पडला की काय होते, हे त्या काही महिन्यांनी दाखवून दिले.

सुरक्षितता आणि सोयी हव्या असतील तर गरीब प्रेक्षकाला बाहेर राहावेच लागेल, असा युक्तिवाद केला जातो. तो पूर्णपणे पटणारा नाही. जर्मनीतील डॉर्टमुंड शहराच्या क्रीडांगणात दक्षिणेकडच्या बाजूला सुमारे २५ हजार प्रेक्षक आजही देशांतर्गत सामने उभ्याने पाहतात. तेथील तिकीट आसनांच्या तिकिटापेक्षा बरेच स्वस्त असते. बळकट कठडे, मोजका प्रवेश आणि दक्ष व्यवस्था यांमुळे हे शक्य होते. म्हणजे सुरक्षितता आणि स्वस्ताई यांचे वैर नाही. दोन्हींचा मेळ घालण्याची इच्छा मात्र असावी लागते.

भारतातही फुटबॉलची मोठी क्रीडांगणे उभी राहिली आहेत. कोलकात्याचे सॉल्ट लेक क्रीडांगण १९८४ साली सुरू झाले, गोव्यात मडगावजवळ फातोर्ड्याचे क्रीडांगण १९८९ साली झाले. २०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषक स्पर्धेसाठी देशातील सहा शहरांची निवड झाली. त्यांत या दोन्ही ठिकाणांबरोबर नवी मुंबईचाही समावेश होता. अशा वास्तू हव्यातच. मोठ्या मैदानावर मोठे खेळाडू पाहूनच लहान मुलांच्या मनात स्वप्न रुजते.

ते स्वप्न वाढते मात्र दुसरीकडे. गोव्यात भातकापणीनंतर मोकळ्या झालेल्या शेतांत मुले फुटबॉल खेळतात. कोलकात्यात मैदानाच्या विस्तीर्ण हिरवळीवर खेळतात. क्रीडांगणाच्या भिंतीबाहेरची ही मोकळी जागा नाहीशी झाली, तर आतील हजारो आसनांपुढे खेळणार कोण? म्हणून नव्या क्रीडांगणाची कोनशिला बसवण्यापूर्वीच काही प्रश्न विचारले गेले पाहिजेत. रोजंदारीवर जगणाऱ्या माणसाला येथे मुलाबाळांसह सामना पाहता येईल काय? सामने नसतील त्या दिवशी जवळच्या वस्तीतील मुलांना आणि मुलींना येथे सरावाला जागा मिळेल काय? दहा वर्षांनंतरच्या देखभालीची तरतूद कोणी केली आहे?

हे प्रश्न विचारणारा नागरिक खेळाचा विरोधक ठरत नाही. क्रीडांगणाला लागणारा पैसा कररूपाने सर्वांच्याच खिशातून जातो. ज्याने आयुष्यात कधी चेंडूला पाय लावला नाही, तोही त्याचा भागीदार असतो. उद्घाटनाच्या दिवशी टाळ्या अवश्य वाजवाव्यात. परंतु क्रीडांगणाची दारे वर्षभर कोणासाठी उघडी राहतात, याची चौकशी करण्याचा हक्कही प्रत्येकाने बजावला पाहिजे.