धवलेरी आणि ‘शुद्ध’ भाषा

मालाडच्या पूर्वेस डोंगराकडे तोंड केले म्हणजे राष्ट्रीय उद्यानाचे रान लागते. त्या रानाच्या कडेने व शेजारच्या आरे वसाहतीत वारल्यांचे पाडे आजही आहेत. आमचे शेतकरी व कारागीर बंधू त्यांस ‘जंगली’ म्हणून मोकळे होतात. आम्ही विचारतो, जंगली कोण?

वारल्याच्या घरी लग्न निघाले म्हणजे पंचांग काखेत मारून भटजी येत नाही. सवाशिणी भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, त्यात पालघट देवी बसवितात, आणि धवलेरी धवळे गाऊन लग्न लावते. धवलेरी म्हणजे बाई, बरे! जोतीरावांनी १८७३ साली सत्यशोधक समाज काढून भटावाचून लग्ने लावा म्हणून आम्हांस सांगितले. ते या लोकांत वाडवडिलांपासूनच चालत होते. आणि आम्ही दीडशे वर्षांनंतरही मुहूर्ताच्या चिठ्ठीसाठी भटजीच्या ओसरीवर ताटकळतो! सोयरीक जुळविताना वारली कूळ विचारतो; एका कुळात लग्न होत नाही. देज मिळते ते मुलीच्या बापास. आमच्यात हुंडाबंदीचा कायदा १९६१ सालचा, तरी मुलीचाच बाप शेत गहाण टाकतो.

देज निर्दोष आहे असे मात्र नव्हे. ठाणे जिल्ह्यात लग्नासाठी सावकाराचे कर्ज काढावे आणि नवरा-बायकोने त्याच्या वाड्यावर राबून मरावे; अशांस लग्नगडी म्हणत. १९४५ साली वारली किसान सभेच्या झेंड्याखाली उठले, तेव्हा कुठे ही गुलामी मोडू लागली.

आता भाषेचे. पाड्यावरचे पोर शाळेत तोंड उघडते आणि मास्तर म्हणतो, ‘नीट बोल.’ चार दिवसांत ते बोलायचेच सोडते. मग शेरा पडतो, मुलगा मंद! अहो, याच भागातल्या कोळ्या-आगऱ्यांच्या घरांत आयस, बापूस म्हणतात. तेही अशुद्धच काय? पुण्याच्या एका पेठेची बोली ती शुद्ध, आणि कष्टकऱ्याची ती गावंढळ, हा निवाडा केला कोणी? २००९ चा शिक्षणहक्क कायदा शक्य तेथवर मातृभाषेतून शिकवा म्हणतो. निदान पहिल्या दोन इयत्तांस वारली बोली समजणारा शिक्षक द्यावा, आणि वर्षातून एकदा धवलेरीस शाळेत मानाने बोलावून खुर्ची द्यावी. यास सरकारचा पैसा लागत नाही. शाळा समितीवर आमचेच लोक बसलेले आहेत, त्यांनी येत्या बैठकीत हा ठराव मांडावा.