३.६ चा आकडा

‘चेर्नोबिल’ ही पाच भागांची मालिका २०१९ मध्ये आली. ती पाहिली की स्फोटापेक्षा एक आकडाच मनात रुतून बसतो : ३.६ राँटजेन. २६ एप्रिल १९८६ च्या पहाटे चौथी अणुभट्टी फुटली, तेव्हा हाताशी असलेल्या मापकाचा काटा त्यापुढे जातच नव्हता. प्रत्यक्षात किरणोत्सर्ग काही ठिकाणी हजारो पटींनी अधिक होता. वरिष्ठांना मात्र हाच आकडा सोयीचा वाटला आणि तोच वर कळवला गेला. शेजारच्या प्रिप्यात शहरातली सुमारे ५० हजार माणसे, पोराबाळांसह, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिथेच होती. बाहेरच्या जगाला सुगावा लागला तो २८ तारखेला, स्वीडनमधल्या फोर्समार्क अणुवीज केंद्रात.

उभी हयात मी बँकेत काढली. हिशेब जुळेना की फरक उचंत खात्यात टाकून मोकळे व्हायचा मोह मलाही झालेला आहे. ताळा जुळतो, साहेब खूश होतात. फरक जागच्या जागीच राहतो.

आपल्या घरी मुलाने प्रगतिपुस्तक लपवले, तर त्याला रागावण्याआधी स्वतःला एवढेच विचारावे : खरे सांगायला तो भ्याला का?