चिखलातली पंगत

मंडळी, कोळंबी सोलली की टरफलं आपण कचऱ्यात टाकतो. समुद्रात ती कोण उचलतं? खेकडे-कोळंबी सारख्या कात टाकत असतात, कवचातलं कायटिन मोठं चिवट. तरी तळाशी त्याचे डोंगर साचत नाहीत. आपल्या कॅलिफोर्नियातच, ला होयाच्या स्क्रिप्स संस्थेतले क्लॉड झोबेल आणि सिडनी रिटनबर्ग यांनी १९३८ साली कायटिन फोडणाऱ्या समुद्री जिवाणूंवर लिहिलं, त्यात गाळातलेही होते.

जिवाणूला तोंड नाही. तो विकरं, म्हणजे एन्झाइम्स, बाहेर सोडतो, घास बाहेरच बारीक करतो आणि मग शोषून घेतो. शेजारी आयते जेवणारेही असतात (मंडळाच्या सहलीतही असतात, असो!). एकाला कायटिन जमतं, दुसऱ्याला समुद्रशेवाळातलं अगर, तिसऱ्याला प्रथिनं. उरलंसुरलं खालच्या, प्राणवायू नसलेल्या थरात जातं. तिथले काही जण प्राणवायूऐवजी सल्फेट वापरतात. ओहोटीला अल्व्हिसोच्या काठावर येणारा कुजक्या अंड्यांचा वास त्यांचाच.

यातले बहुतेक प्रयोगशाळेच्या बशीत वाढतच नाहीत. त्यांचा पत्ता लागतो तो गाळातल्या डीएनएवरून. कोणाच्या हाताला काय चव आहे हे कळायच्या आत आपण खाड्या बुजवत आलो, हे आम्हाला खटकतं. सॅन फ्रान्सिस्को बेची बहुतेक पाणथळ अशीच गेली. २००३ साली मात्र तिथली सुमारे १५,००० एकर मिठागरं सरकारने विकत घेतली. काही बांध फोडून भरती आत घेतली आहे, आणखी फोडायचे आहेत. भरतीबरोबर नवा गाळही येतोय.