फॅमिली पासमध्ये न बसणारा खर्च

मंडळी, पैशाविषयी बोलायला आपल्यात कुणी लाजत नाही. गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत पाच मिनिटं उभं राहा. गृहकर्ज एका वर्षासाठी फिक्स करावं की दोन, किवीसेव्हरमध्ये कोणता फंड बरा, पुण्यातला फ्लॅट ठेवावा की विकून मोकळं व्हावं, सोनं आत्ता घ्यावं की थांबावं, सगळ्यावर फुकट सल्ला मिळतो. पण त्याच रांगेत जरा सांगून पाहा, "मी ऑगस्टमध्ये चार दिवस गोल्ड कोस्टला चाललेय. एकटीच. तिथल्या थीम पार्कांत. वर्षभर पैसे साठवलेत." रांग एकदम गप्प होते. मग प्रश्न सुरू होतात. "कॉन्फरन्स आहे का गं?" "मुलांना का नाही नेत?" आणि सर्वांत शेवटी, आवाज खाली आणून, "घरी सगळं ठीक आहे ना?"

घरी सगळं ठीक आहे. पण हे प्रश्न ठीक नाहीत, आणि त्यांची उत्तरं एकदा छापून टाकावीत म्हणून हा लेखनप्रपंच.

माझं म्हणणं अगदी सरळ आहे. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाच्या नावाने, कारण न विचारता खर्च करायचा एक रकाना घरच्या जमाखर्चात असायलाच हवा. रक्कम लहान असो की मोठी, रकाना हवा. तो नसेल तर ते अंदाजपत्रक काटकसरीचं नव्हे, अपुरं आहे. थीम पार्कचं उदाहरण मी मुद्दाम घेते आहे. एकटीने काशीला गेले असते तर कुणी हूं की चूं केलं नसतं. माहेरी गेले असते तर "आईला भेटून ये" म्हणून निरोप मिळाला असता. योगशिबिराला गेले असते तर कौतुक झालं असतं. थीम पार्कला मात्र कुठलाच सभ्य बुरखा चढवता येत नाही. तिथे माणूस फक्त मजेसाठी जातो, म्हणून आपल्या मनात नेमकं काय आहे ते तिथे उघडं पडतं.

आपल्याकडे मजेला नेहमी कुणाचा तरी आधार लागत आला. बाबांची एलटीसी चार वर्षांच्या ब्लॉकमध्ये बसवायची, आणि मग सगळ्या कुटुंबाने मिळून जायचं. १९८९ साली मुंबईत गोराईला एस्सेल वर्ल्ड सुरू झालं, तेव्हा मोठी माणसं बोटीत बसली ती "पोरांसाठी". आणि आता शिर्डीत 'साई तीर्थ' नावाचा भक्तीचा थीम पार्कच उभा आहे. त्याला माझा विरोध नाही. पण बघा, पाळण्याच्या जत्रेलाही अखेर आपण देवाची सोबत जोडली! पूर्वी निदान उलटं होतं. देवाच्या जत्रेला जायचं आणि तिथे आकाशपाळण्यात बसून यायचं. आजीसुद्धा बसायची, नऊवारीचा पदर घट्ट खोचून.

आता इथलं चित्र पाहा. आम्हा अप्पर हटवाल्यांकडे टायरच्या जुन्या कारखान्याच्या जागेवर ब्रूटाऊन उभं राहिलं आहे, आणि तिथल्या डेटोनामध्ये मुलांचे वाढदिवस होतात. मुलं गो-कार्टमध्ये, आणि आपण? कठड्याबाहेर, दोन्ही हातांत चार-चार जॅकेटं, पाण्याच्या बाटल्या आणि कुणाचा तरी चष्मा. शाळेच्या सुट्टीत ऑकलंडला मानुकाऊच्या रेनबोज एंडला गेलो तरी तेच. १९८२ पासून चालू असलेल्या त्या पार्कात आपल्या मंडळातली बहुतेक कुटुंबं एकदा तरी जाऊन आली असतील. तिथे किती आया स्वतः राइडवर बसल्या आणि किती जणी बॅगा सांभाळत बाकावर बसल्या, हे ज्याने त्याने आपल्या घरचे फोटो काढून तपासावं. फोटोत आई नसतेच, कारण कॅमेरा तिच्याकडे असतो.

गंमत अशी की थीम पार्कची कल्पना या बाकावरूनच निघाली. वॉल्ट डिस्ने लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये बाकावर बसून आपल्या मुलींना घोड्यांच्या चक्रात फिरताना बघत असत. मोठ्यांनाही मजा येईल अशी जागा का असू नये, असं तिथे मनात आलं, हे त्यांनी स्वतःच सांगितलं आहे. १९५५ साली डिस्नेलँड उघडलं. सुरुवातीला आत प्रत्येक राइडचं वेगळं कूपन लागायचं, १९८२ मध्ये ती पद्धत संपली आणि एकच तिकीट आलं. आज बहुतेक मोठ्या पार्कांत हीच पद्धत आहे. म्हणजे बाकावर बसणाऱ्या माणसाचेही पूर्ण पैसे दारातच वसूल होतात. कुटुंबाच्या सहलीतलं सर्वांत महाग तिकीट कुणाचं असेल, तर बॅगा सांभाळणाऱ्या बाईचं. तो खर्च कुणाला उधळपट्टी वाटत नाही. तीच बाई तेवढ्याच पैशांत एकटी जाऊन दिवसभर राइडवर बसली, की मात्र ती उधळी!

आता हिशेब. कारण "मजा करा" असं सांगून पळून जाणं सोपं असतं, आणि आपल्या वाचकांना आकडे लागतात.

आपल्याकडे पगार बहुतेकांचा पंधरवड्याला होतो. वर्षात २६ पंधरवडे. मी दर पंधरवड्याला ७५ डॉलर एका वेगळ्या खात्यात टाकले. खात्याला माझं नाव दिलं, 'सुट्टी' नव्हे, कारण सुट्टी म्हटलं की त्यात सगळे वाटेकरी होतात. वर्षाचे झाले १,९५० डॉलर. त्यांची वाटणी अशी केली: वेलिंग्टन ते ब्रिस्बेन जाऊन-येऊन विमान ६००, चार रात्रींची खोली ६००, पार्कांचा पास २२०, खाणं २२०, इकडचा-तिकडचा सगळा प्रवास १२०, विमा ६०, आणि हाताशी १३०. सगळे आकडे न्यूझीलंड डॉलरमध्ये. तारीख मुलांच्या शाळेच्या सुट्टीबाहेरची धरली, कारण एकटीने जाण्याचा सर्वांत मोठा आर्थिक फायदा हाच. तारखा आपल्या हातात असतात, आणि सुट्टीतले चढे भाव चुकवता येतात.

या हिशेबातली ग्यानबाची मेख खोलीत आहे. हॉटेल खोलीचे पैसे घेतं, डोक्याचे नाही. दोघं राहिले तर रात्रीचे ७५ डॉलर माणशी, एकटीला पूर्ण १५०. आपल्या टूर कंपन्यांच्या जाहिरातीत 'ट्विन शेअरिंग' असं बारीक अक्षरात असतं, ते हेच. 'फॅमिली पास' दोन मोठे आणि दोन मुलं असा बांधलेला असतो, त्याची सवलत एकटीला नाही. टॅक्सीचं भाडं वाटून घ्यायलाही कुणी नाही. थोडक्यात, एकटं असण्याचा दंड सगळीकडे भरावा लागतो, आणि तो आधीच धरून चालावं. धरला नाही, की तिसऱ्या दिवशी क्रेडिट कार्ड बाहेर येतं.

पण दंड आहे तशा सवलतीही आहेत. क्वीन्सलँडमध्ये ऑगस्ट २०२४ पासून बस, ट्राम आणि लोकल गाडीला एका फेरीचे फक्त ५० सेंट पडतात. ब्रिस्बेन विमानतळाची गाडी तेवढी खासगी आणि महाग, ती वेगळी धरायची. ड्रीमवर्ल्ड कुमेरा स्टेशनच्या जवळ आहे, मूव्ही वर्ल्डला हेलेन्सवेलहून बस मिळते. गाडी भाड्याने घ्यायची गरजच नाही. चौघांच्या सामानासकट हे जमत नाही, एका पाठपिशवीत जमतं. अनेक मोठ्या पार्कांत 'सिंगल रायडर' अशी वेगळी रांग असते. तिघांचा गट आला की चौथी जागा रिकामी राहते, ती एकट्या माणसाला मिळते. व्हिसाचं मात्र प्रत्येकाने आपापलं पाहावं. न्यूझीलंडचा पासपोर्ट असेल तर ऑस्ट्रेलियात आगाऊ व्हिसा काढावा लागत नाही. भारतीय पासपोर्ट असेल, तर इथली रेसिडेन्सी असूनही तो आधी काढावा लागतो आणि त्याची फी हिशेबात धरावी लागते.

दोन नियम मी लिहून ठेवले होते. पहिला, या सहलीसाठी उधार नाही. 'आत्ता घ्या, नंतर भरा' या योजना इथे सप्टेंबर २०२४ पासून कर्जाच्या कायद्याखाली आल्या, यातच काय ते समजा. ज्या मजेचे हप्ते पुढच्या वर्षी फेडायचे, ती मजा नव्हे. दुसरा नियम, कुणाचीही यादी घ्यायची नाही. आमच्या कन्सल्टिंगच्या धंद्यात प्रोजेक्ट बुडतं ते तंत्रज्ञानामुळे कमी आणि "जाताच आहात तर एवढं पण करा" मुळे जास्त. "गोल्ड कोस्टला चाललीसच तर अमुक आण, तमक्या मावशींना भेटून ये" हे तेच. एक भेट म्हणजे अर्धा दिवस, एक डबा मिठाई आणि एक टॅक्सी.

आता आक्षेपांकडे वळते.

पहिला आक्षेप, "तेवढ्या पैशांत इंडियाचं एक तिकीट निघालं असतं." निघतं कधी कधी, खरं आहे. पण इंडियाची फेरी ही सुट्टी असते का, हे आपण प्रामाणिकपणे सांगू या. डिसेंबरात चौघांची तिकिटं, वजनकाट्यावर पुन्हा पुन्हा चढणाऱ्या चॉकलेटच्या बॅगा, बँकेची केवायसी, दाताचा डॉक्टर, दोन लग्नं, आणि "आमच्याकडे एकच दिवस?" ही तक्रार. ती फेरी करायचीच, आई-वडील तिथे आहेत. ते कर्तव्य आहे, आणि प्रेमाचं कर्तव्य आहे. पण तिला सुट्टीच्या रकान्यात टाकणं ही लबाडी आहे. या देशात १ एप्रिल २००७ पासून कायद्याने वर्षाला किमान चार आठवडे पगारी रजा आहे. ती साठवून साठवून एका इंडियाच्या फेरीत संपवतो, आणि मग वर्षानुवर्षं सुट्टीच न घेतलेली माणसं होऊन बसतो.

पूर्वी बाईच्या वाट्याला माहेरपण तरी होतं. सासुरवाशीण चार दिवस माहेरी जायची, तेव्हा तिने तिथे पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू नये अशी रीत होती. आपल्या समाजाने बाईसाठी मंजूर केलेली ती एकटीची सुट्टीच होती. इथे दहा-बारा हजार किलोमीटरवर आल्यावर ती रीत सुटली, आणि तिच्या जागी आपण काहीच ठेवलं नाही.

दुसरा आक्षेप, "एकटी? बरं दिसतं का?" बावीस-तेवीस वर्षांची होते तेव्हा मास्टर्ससाठी मला एकटीला समुद्रापार पाठवलं, तेही कर्ज काढून, ओळखीचं कुणी नसलेल्या शहरात. तेव्हा सगळ्यांना अभिमान वाटला, पेढे वाटले. आता चाळिशी उलटल्यावर, स्वतःच्या साठवलेल्या पैशांनी, तीन-चार तासांच्या विमानप्रवासावर चार दिवस जायचं, तर ते बरं दिसत नाही! म्हणजे काळजी माझ्या एकटेपणाची कधीच नव्हती. पदवी घेऊन येणार असले तर एकटेपणा चालतो, नुसती हसून येणार असले तर चालत नाही.

आणि हे आक्षेप घेताना आपण कुठल्या महाराष्ट्राची साक्ष काढतो? तिथे तर बायका कधीच घराबाहेर पडल्या. केसरीच्या 'माय फेअर लेडी' आणि वीणा वर्ल्डच्या 'विमेन्स स्पेशल' सहलींना आज्यासुद्धा नातवंडं घरी ठेवून जातात. त्या गटाने जातात आणि मी एकटी, एवढाच फरक. आपण मात्र विमानात बसलो त्या वर्षीचा महाराष्ट्र बॅगेत घालून आणला आणि अजून तोच उलगडून बसलो आहोत.

तिसरा आक्षेप मला खरा वाटतो. नुकतंच आलेलं कुटुंब, भाड्याचं घर, एकाचाच पगार. त्यांनी ७५ डॉलर कुठून काढावेत? काढू नयेत. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे मलाही मान्य आहे. पण अंथरुणावर प्रत्येकाला जागा हवी, एवढंच सांगते. पंधरवड्याला दहा डॉलर ठेवले तर वर्षाचे २६० होतात. त्यात गोल्ड कोस्ट होणार नाही, पण एखादा पूर्ण दिवस स्वतःच्या मर्जीने घालवता येईल. भिशीची सवय असलेल्या आपल्या बायकांना हे शिकवायला नको. फक्त भिशी लागली की तिचा मिक्सर किंवा मुलीच्या कानातलं होतं, ते एकदा होऊ देऊ नका.

आणि हे फक्त बायकांचं नाही. दोन-दोन शिफ्ट करणारे बाबा आहेत, नातवंडं सांभाळायला आलेल्या आणि लायब्ररीपलीकडे अप्पर हट न पाहिलेल्या आज्या आहेत. त्यांच्यासाठी आपण पैसे खर्च करतो, पण त्यांच्या हातात देत नाही. दोन्हींत फरक आहे.

म्हणून या दिवाळीला लक्ष्मीपूजनाला वही पुजाल, किंवा आजकाल लॅपटॉप पुजाल, तेव्हा एवढं करा. घरातल्या मोठ्या माणसांची नावं एकाखाली एक लिहा. प्रत्येकासमोर पंधरवड्याचा एक आकडा टाका, पाच डॉलर का असेना. तो पैसा कशावर गेला हे विचारायचं नाही, असं सगळ्यांसमोर ठरवा. मग कुणी नाटकाला जाईल, कुणी मासे पकडायला जाईल, कुणी नुसतं झोपेल.

आणि कुणी रोलर कोस्टरवर बसायला एकटी निघाली, तर प्रसादाच्या रांगेत तिला एवढंच विचारा, "तिकीट स्वस्तात कसं मिळालं गं?"