नियम बदलणार, बेत कसा आखायचा?

कोरोनाच्या साथीत, २०२० च्या श्रावणात मुंबई-पुण्यातल्या कोकणी माणसाच्या तोंडी एकच तारीख होती, १२ ऑगस्ट. गणेश चतुर्थी २२ ऑगस्टला होती. राज्य सरकारने ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात जाहीर केले की, गावी पोहोचल्यावर दहा दिवस घरातच विलगीकरणात राहायचे. १२ तारखेनंतर निघणाऱ्याने मात्र ४८ तास आधी स्वॅब देऊन निगेटिव्ह अहवाल जवळ ठेवायचा. एसटीने जाणाऱ्याला ई-पासची गरज नव्हती. एका गाडीत २२ प्रवासी बसणार होते. त्याआधी जुलैभर विलगीकरण १४ दिवसांचे की कमी, गावात शिरण्याची शेवटची तारीख कोणती, पास कोण देणार, यावर जो तो वेगळे सांगत होता. निर्णय आला आणि घोळ बराचसा मिटला. नियम कडकच होता. ज्यांना इतकी रजा मिळाली नाही त्यांचा गणपती त्यांच्याविना बसला. तरीही लोकांनी तो मानला, कारण त्यातला हिशेब उघड होता. बारा आणि दहा बावीस, हे कुणालाही कळत होते.

महासाथीच्या काळातल्या प्रवासाबद्दल पुढे पुष्कळ लिहिले-बोलले गेले. त्यातला हा एक धडा मात्र पुन्हा नीट समजून घेण्यासारखा आहे. साथ असेल तर नियम बदलणारच. ते बदलू नयेत अशी अपेक्षा धरणेच चूक. पण नियम कशामुळे बदलतो, कधीपासून बदलतो आणि त्याचा भुर्दंड कोणी सोसायचा, हे तिन्ही आधी ठाऊक असेल तर माणूस बेत आखू शकतो.

हे ठाऊक नसले की काय होते, ते कोकणातल्याच एका पट्ट्यात पाहू. रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला जाणारा सुमारे पंचवीस किलोमीटरचा सागरी रस्ता आरे-वारेवरून जातो. डोंगराच्या कडेने वळणे घेत जाणाऱ्या या रस्त्यावरून आरे आणि वारे असे दोन किनारे दिसतात आणि गाड्या आपसूक थांबतात. या पट्ट्यातल्या कित्येक घरांचा संसार पुळ्याच्या देवळाला येणाऱ्या भाविकांवर आणि किनाऱ्यावर थांबणाऱ्या पाहुण्यांवर चालतो. देवळाची दारे मार्च २०२० मध्ये बंद झाली, १६ नोव्हेंबरला दिवाळी पाडव्याला उघडली, एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा मिटली आणि ७ ऑक्टोबरला घटस्थापनेच्या दिवशी पुन्हा उघडली. प्रत्येक उघडझापीबरोबर खोल्या, खानावळी, शहाळेवाले, रिक्षा, सगळ्यांचेच चाक फिरत होते आणि अडत होते.

शनिवारी आठ माणसे येणार असतील तर घरगुती खानावळ चालवणाऱ्या बाईचे काम गुरुवारीच सुरू होते. चादरी धुऊन वाळत पडतात, नारळ उतरवून घेतले जातात, आमसुले भिजतात, मोदकांसाठी तांदळाची पिठी दळून येते, सुरमई-पापलेटासाठी कोळणीला आधी सांगून ठेवावे लागते. शुक्रवारी रात्री ‘नियम बदलले, येणे रद्द’ असा निरोप आला तर पाहुण्याची सहल हुकते. तिचा मात्र खर्च होऊन गेलेला असतो. दुसरीकडे पाहुण्याने ॲडव्हान्स दिलेला असतो आणि न येण्यात त्याचाही दोष नसतो. दोघेही खरे असतात. भांडण होते ते आधी काहीच ठरलेले नसते म्हणून.

नियम का बदलतात, तेही पाहू. जून २०२१ मध्ये राज्याने निर्बंधांचे पाच स्तर केले. जिल्ह्यात तपासणीतले किती टक्के लोक बाधित निघतात आणि ऑक्सिजनच्या किती खाटा भरल्या आहेत, यावर स्तर ठरे. आकडे गुरुवारी जाहीर होत आणि त्यानुसारचे नियम सोमवारपासून लागू होत. बाधितांचे प्रमाण पाच टक्क्यांच्या आत आणि पाव खाटाही भरलेल्या नसल्या तर जिल्हा पहिल्या स्तरात. प्रमाण वीस टक्क्यांवर गेले तर पाचव्यात. रत्नागिरी सुरुवातीच्या यादीत चौथ्या स्तरात होता. या पद्धतीत उणिवा असतील, पण तिने प्रवाशाला एक मोजपट्टी दिली. पुढच्या आठवड्यात काय होईल याचा अंदाज ज्याचा त्याला बांधता येऊ लागला.

गावांनी दाखवलेली सावधगिरीही याच अंगाने समजून घ्यायला हवी. जून २०२० मध्ये रत्नागिरीत प्रयोगशाळा सुरू होईपर्यंत जिल्ह्यातले स्वॅब मिरजेला पाठवावे लागत. पाहुणा आणि गावकरी दोघांनाही गंभीर आजारात शेवटी रत्नागिरीचे जिल्हा रुग्णालयच गाठायचे होते. साथीसाठी गावात नेमलेल्या ग्राम कृती दलाने वेशीवर कोण आले, कोण गेले याची नोंद ठेवली ती पाहुण्यांशी वैर म्हणून नव्हे.

घाईने काढलेला हुकूम काय करतो याचे उदाहरण ऑस्ट्रियात आहे. इश्गल हे आल्प्समधले बर्फावरच्या स्कीइंगसाठी प्रसिद्ध असलेले, दीडेक हजार वस्तीचे गाव. तिथून परतलेले पर्यटक बाधित निघाल्यावर आइसलँडने ५ मार्च २०२० रोजीच धोक्याचा इशारा दिला होता. तरी हंगाम चालू राहिला. १३ मार्चला अचानक सारे खोरे बंद झाले आणि परदेशी पाहुणे मिळेल त्या वाहनाने घाईघाईत बाहेर पडले. ते आपापल्या देशांत पोहोचले आणि संसर्गही त्यांच्याबरोबर गेला. आधी टाळाटाळ आणि मग एकाएकी हुकूम, या दोन्हींची किंमत यजमान गावाने मोजली आणि पाहुण्यांनीही.

आपल्याकडे परदेशातून घरी येणाऱ्यांनी अशीच ओढाताण सोसली. २६ नोव्हेंबर २०२१ रोजी केंद्राने नियमित आंतरराष्ट्रीय विमानसेवा १५ डिसेंबरपासून सुरू करण्याचे जाहीर केले. त्याच दिवशी जागतिक आरोग्य संघटनेने विषाणूच्या नव्या प्रकाराला ओमिक्रॉन हे नाव दिले आणि १ डिसेंबरला तो निर्णय लांबणीवर पडला. त्याच आठवड्यात महाराष्ट्राने परदेशी प्रवाशांसाठी काढलेला आदेश केंद्राच्या सूचनांशी जुळत नव्हता. केंद्राने हरकत घेतल्यावर राज्याने तो बदलला. नाताळात आईवडिलांना भेटायला गावी निघालेल्याने कोणता कागद खरा मानायचा? बदल अपरिहार्य होता, हे मान्य. दोन सरकारांचे दोन आदेश मात्र टाळता आले असते.

पैशांचा प्रश्नही राहतो. टाळेबंदीत रद्द झालेल्या विमान तिकिटांच्या परताव्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२० रोजी निकाल दिला. काहींना पूर्ण रक्कम, काहींना ३१ मार्च २०२१ पर्यंत वापरता येईल अशी जमा, अशी वाटणी झाली. किनाऱ्यावरच्या दोन खोल्यांच्या ॲडव्हान्ससाठी कुणी न्यायालयात जात नाही, जाऊही नये. तिथे आधी झालेली स्पष्ट बोलणीच कामाची.

म्हणून बुकिंग करतानाच दोन ओळी मोबाइलवर लिहून घ्याव्यात. सरकारी आदेशाने येणे रद्द झाले तर ॲडव्हान्स वर्षभर शिल्लक राहील. पाहुण्याने स्वतःहून शेवटच्या दोन दिवसांत रद्द केले तर तयारीचा खर्च कापला जाईल. पाहुण्याने आदेश कोणाचा, कधीपर्यंतचा आणि तिथे ताप आला तर राहायचे कुठे, हे विचारूनच निघावे. अंगात कणकण असेल तर भरलेले पैसे विसरून घरी थांबावे. ॲडव्हान्स पुढे चालत असेल तर हा शहाणपणा सोपा जातो. जिल्हा प्रशासनाने प्रत्येक आदेश मराठीत, एकाच ठिकाणी, कारण आणि मुदतीसह द्यावा, आणि आधीच मुक्कामाला असलेल्यांनी कसे परतायचे तेही त्यात सांगावे.

ही शिस्त फक्त साथीपुरती नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ या किनाऱ्याला झोडपून गेले, २२ जुलैला चिपळूण पाण्याखाली गेले. कोकणात बेत मोडायला निमित्ते पुष्कळ आहेत आणि ती पुढेही येतील. मोडलेल्या बेताचा भार सरकार, पाहुणा आणि यजमान यांनी वाटून घेतला तर तो कुणालाच फार जड होत नाही. आज तो बहुतेक वेळा खानावळ चालवणाऱ्या बाईच्या एकटीच्या अंगावर पडतो. हे बदलायला कायदा लागत नाही; हंगाम सुरू होण्याआधी एकदा बसून ठरवावे लागते, आणि त्यासाठी ग्रामपंचायत, निवासधारक आणि प्रशासन यांनी साथीची वाट पाहण्याचे कारण नाही.