मलिदा आणि मेहमान

महागाईमुळे सणाला मेहमान कमी बोलवायचे, ही रीत आपल्यातही येऊ लागली आहे. अशा वेळी रायगडच्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल ज्यूंचा मलिदा आठवावा. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची आणि सोबत फळं. चूल पेटवायचीही गरज नाही. एलियाहू, म्हणजे आपले हजरत इलियास, यांचं नाव घेऊन दुआ होते आणि तो सर्वांना वाटला जातो. आपल्या नियाजचा मलिदा पोळीचा, त्यांचा पोह्यांचा, एवढाच फरक. मग ईदला दस्तरखान भरण्यासाठी उसनवारी कशाला? पदार्थ दोन कमी करा, पण शेजाऱ्याला बोलवायचं सोडू नका. बरकत वाटण्यातच आहे.