दुधाचे पोवाडे पुरे

आईच्या दुधावर कविता करणाऱ्या तमाम कविराजांना माझा सवाल आहे. पोरानं स्तन धरायचा कसा, हे तुमच्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? पान्हा, अमृत, वात्सल्य! शब्दांची दुकानं थाटून बसलात. बाईची बोंडं चिरतात, रक्त येतं, तेव्हा तुमची कविता कुठं तोंड लपवते?

मी पण कविता करतो. पण पोट गोदीतल्या ओझ्यावर भरतं. शिक्षण मॅट्रिक. गोणी पाठीवर घ्यायची तर पहिल्या दिवशी जुना गडी दाखवतो, पाय कुठं रोवायचा, कंबर कशी सांभाळायची. नाहीतर मणका जातो. अंगावर पाजणं हेही शिकायचंच काम आहे. पोरानं तोंड मोठं उघडलं पाहिजे. नुसतं बोंड नाही, भोवतालचा काळा भागही तोंडात गेला पाहिजे. दुखत राहिलं तर बहुधा पकड चुकलेली असते. दिवसरात्रीत आठ ते बारा वेळा पाजायचं. पोर जेवढं ओढतं तेवढं दूध बनतं. डबा सुरू केला की ओढणं कमी, दूध कमी, मग पुन्हा डबा. हे शेजारी बसून दाखवावं लागतं. भिंतीवरचं पोस्टर ते करत नाही.

आमचं गाव गडब, पेण तालुका, मुंबई-गोवा हायवेला लागून. वहिनी बाळंत झाली, सिझर झालं. नर्स एकटी, खाटा भरलेल्या. "हिला दूद नाय, डबा आणा," एवढंच सांगून ती पुढच्या खाटेकडं पळाली. डब्यात भावाची मजुरी गेली. वहिनी पाच दिवस रडली. घरी आल्यावर आशाताई आली. तिनं पोर काखेखाली धरायला लावलं, टाक्यांवर भार पडू दिला नाही, उशी लावली. अर्ध्या तासात पोरानं धरलं. अर्ध्या तासाचं काम! ते इस्पितळात करायला माणूस नव्हतं. मी त्या नर्सला शिव्या देणार नाही. तिला एकटीला ठेवलं कुणी, ते विचारणार.

आणि ही एका वहिनीची रड नाही. 2019-21 ची राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी सांगते, देशात 88.6 टक्के बाळंतपणं दवाखान्यात होतात. पण पहिल्या तासात अंगावर घेतलेली पोरं 41.8 टक्केच. म्हणजे डॉक्टर-नर्सच्या डोळ्यांदेखत तो तास वाया जातो.

गाईच्या चिकाचा खरवस वाटीवाटीनं खाणारा हा समाज आईचा चीक घाण म्हणून पिळून टाकत आला, पोराला मध-गुटी चाटवत आला. नाळ कापायला मात्र आमच्या आया-आज्या बोलावल्या. विटाळ त्यांच्या वाट्याला, वर सुपातले चार दाणे. त्यांचं सगळंच बरोबर होतं असं नाही. पण त्या बाळंतिणीजवळ बसायच्या. आज ते बसणं बाजारात गेलं. मुंबईत पैसेवाल्याच्या घरी शिकलेली बाई फी घेऊन येते. तिची विद्या खरी आहे, तिच्याशी भांडण नाही. ती विद्या खाडी ओलांडून आमच्या वस्तीत येत नाही, हे भांडण आहे.

येऊ शकत नाही असं कुणी सांगू नये. 1989 साली सायनच्या महापालिका रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली दूधपेढी उभी केली. गडचिरोलीत राणी आणि अभय बंग यांच्या 'सर्च'नं गावातल्याच बायांना नवजात पोर सांभाळायला शिकवलं. पाजायला मदत, ऊब, जंतुसंसर्गावर इलाज. 39 गावांत नवजात मृत्यूचं प्रमाण 62 टक्क्यांनी उतरलं. 1999 साली ते जगापुढं आलं. त्याच वाटेनं 2011 पासून देशभर आशाताई घरभेटी देतात. दवाखान्यात जन्मलेल्या पोरामागं सहा भेटी. तेव्हा ठरलेला मोबदला 250 रुपये, म्हणजे भेटीला 42 रुपयेसुद्धा नाहीत! हक्काचे पैसे मागायला त्याच बायांना संप करावा लागला, आझाद मैदानात बसावं लागलं.

आणि पाजायला वेळ कुणाकडं आहे? 1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात बाबासाहेब बाळंतपणाच्या भत्त्यासाठी उभे राहिले. 1929 साली कायदा झाला. 2017 पासून रजा 26 आठवड्यांची झाली. कुणाला? जिची नोकरी कागदावर आहे तिला. वीटभट्टीवरच्या कातकरी बाईला, मासळीची पाटी उचलणारीला, ठेकेदाराकडच्या मजुरणीला काय? मातृवंदना योजनेत पहिल्या पोरामागं 5000 रुपये. भागिले सहा महिने करा, गणित येतं ना? ती कामावर जाते, पोर झोळीत, दूध लुगड्यात वाहून जातं. वर पांढरपेशे तिला शिकवणार: सहा महिने फक्त आईचं दूध बरं का!

दोस्तहो, दया मागायची नाही. बाळंतिणींच्या प्रत्येक वॉर्डात पाजायला शिकवणारी बाई पाहिजे, रात्रपाळीलासुद्धा. आशाताईला मोबदला नको, पगार पाहिजे. राबणाऱ्या प्रत्येक बाईला सहा महिन्यांची मजुरी घरी बसून मिळाली पाहिजे. आपल्या वस्तीच्या दवाखान्यात जा. विचारा, शिकवणारी बाई कोण, किती वाजता असते? उत्तर नाही मिळालं तर दारात बसा. बायकांचा प्रश्न म्हणून बाजूला सरकू नका. पोर आपलंही आहे.